गिरणीच्या आवारात जपानी-चिनी दस्तरखान : पाहुणचार किती, धंदा किती?

(व्यापार-उदीम)

लोअर परळच्या सेनापती बापट मार्गावरून जाताना फिनिक्स मिलची चिमणी आजही दिसते. धूर मात्र निघत नाही. १९०५ साली स्थापन झालेल्या या गिरणीच्या आवारात आता मॉल आहे, आणि त्या मॉलमध्ये व आसपासच्या कमला मिल, तोडी मिल, मथुरादास मिल या आवारांमध्ये एकाला लागून एक अशी हॉटेले उभी आहेत. जेथे साच्यांचा खडखडाट होता तेथे आज सुशी, डिमसम आणि रामेनच्या थाळ्या फिरतात. कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पाहून हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु व्यापाऱ्याने हळहळीवर थांबू नये. जागा तीच, गिऱ्हाईक नवे, तर मग या गिऱ्हाइकाच्या खिशातला पैसा कोणाकडे जातो आणि त्यात आपल्या लोकांचा वाटा किती, हा हिशोब मांडणे जरूर आहे.

हा प्रश्न माझ्या घरातच उभा राहिला. आमचे दुकान मंगलदास मार्केटमध्ये आहे. मोठा मुलगा दुकानात बसतो, पण त्याचे मन हॉटेलच्या धंद्यात आहे. एका मित्राबरोबर भागीदारीत लोअर परळला जपानी आणि चिनी पदार्थांचे हॉटेल काढायचे आणि त्यासाठी दुकानातून ३५ लाख रुपये काढून घ्यायचे, असा त्याचा प्रस्ताव होता. मी म्हणालो, आधी गिऱ्हाईक म्हणून बसून पाहू. म्हणून एका रविवारी रात्री आम्ही सहाजण, म्हणजे मी, पत्नी, थोरली बहीण, मुलगा, सून आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, अशाच एका हॉटेलात जेवायला गेलो. हॉटेलचे नाव येथे देत नाही. प्रश्न एका हॉटेलाचा नसून धंद्याचा आहे.

कापडामागून आलेले जेवण

चीन आणि जपान मुंबईला नवे नाहीत. त्यांची ओळख आपल्याला आधी कापडातून झाली. पारशी घरांतली गारा साडी चिनी भरतकामाची. ‘तनछोई’ हे वाण तर तीन पारशी विणकर चीनमध्ये छोई नावाच्या उस्तादाकडून शिकून आले आणि तीन छोई म्हणून त्याला हे नाव पडले, असे म्हणतात. आज हेच तनछोई बनारसचे अन्सारी विणकर विणतात आणि आपण ते बनारसी माल म्हणून विकतो.

जपानचे नाते कापसाचे. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी जहाजसेवा सुरू केली. आपला कापूस त्या जहाजांतून जपानला जाऊ लागला. पुढे त्याच कापसाचे स्वस्त कापड परत येऊन मुंबईच्या गिरण्यांना भारी पडू लागले, तेव्हा १९३३ साली सरकारने त्यावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली. जपानने उलट आपला कापूस घेणे बंद केले आणि १९३४ मध्ये दोन्ही बाजूंना करार करावा लागला. कच्चा माल विकणारा आणि पक्का माल विकणारा यांत फरक काय, हे त्या प्रकरणात दिसले. हॉटेलच्या धंद्यातही तोच फरक आहे, तो पुढे येईल.

चिनी माणसे या शहरात वसली ती माझगावच्या बाजूला. डॉकयार्ड रोडजवळचे त्यांचे सी यिप कून मंदिर १९१९ सालचे आहे. कोणी दातांचा डॉक्टर, कोणी चपला-बूट करणारा, कोणी खांद्यावर रेशमाचे गाठोडे घेऊन घरोघर फिरणारा. १९६२ च्या युद्धानंतर देशातील अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. कित्येक पुढे देश सोडून गेले. जे राहिले त्यांनी हॉटेले चालवली. कुलाब्याचे नानकिंग, चर्चगेटचे कामलिंग ही त्या काळची नावे. १९७० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झाले आणि सिचुआनी तिखट चव मुंबईला कळली. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करणाऱ्या नेल्सन वांग यांनी कोंबडीच्या तळलेल्या तुकड्यांवर आले, लसूण, हिरवी मिरची घालून, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर वापरून ‘मंचूरियन’ केले, असे सांगितले जाते. आज ते प्रत्येक नाक्यावरच्या गाडीवर मिळते.

या चवीची व्यापारी किंमत किती? ‘चिंग्ज सीक्रेट’ या नावाने शेजवान चटणी आणि नूडल्स विकणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी टाटा कन्झ्युमरने ५,१०० कोटी रुपये मूल्य ठरवून घेण्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. चटणीच्या बाटलीवर उभी राहिलेली ही रक्कम आहे. शेजवानची गाडी लावणारे आपले असंख्य तरुण आहेत. बाटली मात्र दुसऱ्याने भरली.

टेबलावर काय आले

आम्ही तीन थाळ्या डिमसम, दोन थाळ्या सुशी, एक वाडगा रामेन, एक तळलेला भात आणि कोंबडीची एक तिखट भाजी मागवली. बहिणीला शंका होती की जपानी लोक कच्चे मासे खातात, आपण काय खाणार. मुलीने समजावले की सुशी म्हणजे सिरका लावलेला भात. त्यावर मासा कच्चाच हवा असे नाही. काकडी, शिजवलेली कोळंबी, तळलेली कोंबडीही चालते.

हा जपानी आणि चिनी मेळ कोणी मुंबईच्या हॉटेलवाल्याने जुळवलेला नाही. रामेनच्या शेवया मुळात चीनमधून जपानला गेल्या. जपानी ग्योझा म्हणजे चिनी ज्याओझी. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या जपान्यांनी ते आपल्याकडे रुजवले. तेंपुरा म्हणून जी तळलेली कोळंबी येते, तिची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानला दिली. त्याच पोर्तुगीजांनी आपल्याकडे पाव आणला. खाद्यपदार्थ आणि कापडाचे वाण, दोन्ही व्यापाऱ्याच्या पाठीवरूनच प्रवास करतात.

सून रत्नागिरीची. तिने कोंबडीच्या भाजीतला एक दाणा चावला आणि म्हणाली, “अब्बा, हे तर आमचे तिरफळ!” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. सिचुआनी मिरी आणि कोकणातले तिरफळ ही एकाच कुळातली झाडे. बांगड्याच्या कालवणात कोकणी बायका जे घालतात, त्याच्या चुलतभावाला येथे परदेशी म्हणून भाव मिळतो.

मी हातातला नॅपकिन उलटून पाहिला. सवयच ती. सुती, बऱ्यापैकी जड वाण, पण शिवण कच्ची. हॉटेलच्या मॅनेजरला विचारले तेव्हा कळले की नॅपकिन, एप्रन आणि वेटरचे कपडे एकच ठेकेदार पुरवतो आणि दर काही महिन्यांनी सगळा माल बदलावा लागतो, कारण सॉसचे डाग निघत नाहीत. या बदलत्या मालाचा हिशोब मुलाच्या प्रस्तावात नव्हता. आणि नॅपकिनचा ठेका घेण्याचा विचार आमच्यासारख्या कापडवाल्यांच्या डोक्यातही आला नव्हता.

हलालचा प्रश्न : मांसापुरता नाही

आपल्याकडे बहुतेक लोक हॉटेलात ‘चिकन हलाल है क्या’ एवढे विचारून थांबतात. जपानी-चिनी जेवणात तेवढे पुरेसे नाही.

जपानी स्वयंपाकात मिरिन नावाची गोड चव देणारी तांदळाची दारू घालतात. अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. साके हीसुद्धा दारूच. चिनी स्वयंपाकात शाओशिंग वाइन घालतात. आपल्या कापड व्यापाऱ्यांना शाओशिंग हे नाव ठाऊक आहे, कारण कछियाओचा प्रचंड कापड बाजार त्याच शहरात आहे. तेथून थान आणणाऱ्यांनी तेथली बाटली मात्र ओळखून ठेवली पाहिजे. सोया सॉस आंबवून करतात, त्यात थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते आणि काही कंपन्या टिकण्यासाठी वेगळेही घालतात. त्याबद्दल आपल्या आलिमांना विचारावे. रस भरलेल्या डंपलिंगमध्ये जो गोठवलेला रस असतो, तो मूळ रीतीत डुकराच्या कातडीपासून करतात. गोड पदार्थातले जिलेटिन कशाचे, हेही विचारावे लागते.

मासळीचाही प्रश्न आहे. आम्ही हनफी. मासळी खातो, कोळंबीबद्दल आमच्या आलिमांत मतभेद आहेत आणि माकुल-ऑक्टोपस टाळतो. सून शाफई. कोकणी मुसलमानांप्रमाणे तिला समुद्रातले बहुतेक सर्व चालते. एकाच टेबलावर दोन फिकह बसले होते. वेटर बिचारा गोंधळला, पण आत जाऊन खानसाम्याला विचारून आला. त्या सॉसमध्ये मिरिन होते, म्हणून तो पदार्थ आम्ही बदलून घेतला. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, हे नमूद केले पाहिजे.

खुद्द चीनमध्ये हा प्रश्न शतकांपूर्वी सोडवला गेला आहे. तेथील हुई मुसलमान ‘छिंगचन’ पाटीखाली हलाल खानावळी चालवतात आणि लानझोऊची हाताने ओढलेली शेवई व गोमांसाचा रस ही त्यांचीच देणगी आज साऱ्या चीनमध्ये खाल्ली जाते. जपानमध्येही मुसलमान प्रवाशांसाठी अल्कोहोलविरहित सोया सॉस आणि मिरिनसारखे सिरप बाजारात आले आहेत. म्हणजे हलाल जपानी-चिनी जेवण करता येते. ते मुंबईत भरवशाने, लिहून, कोण देतो एवढाच प्रश्न उरतो. जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्टसारख्या संस्था प्रमाणपत्र देतात. व्यापाऱ्याने भिंतीवर नुसती ‘हलाल’ची पाटी लावण्याऐवजी कोणत्या पदार्थात काय आहे हे मेन्यूवर छापले, तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल.

बिलाचा हिशोब

जेवण ७,१५० रुपयांचे झाले. डिमसम तीन थाळ्या १,८००, सुशी दोन थाळ्या १,७००, रामेन ८००, भात ६५०, कोंबडी ८५०, तीन थंड सरबते ९०० आणि एक गोड पदार्थ ४५०. बिलावर दहा टक्के सेवा शुल्क लावले होते, म्हणजे ७१५ रुपये. मुलीने ते काढायला सांगितले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हे शुल्क सक्तीने लावू नये असे ठरवले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केले. मॅनेजरने लगेच काढले. वेटरला आम्ही वेगळी बक्षिसी दिली. पाच टक्के जीएसटी धरून ७,५०७ रुपये ५० पैसे भरले.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. ६०० रुपयांच्या डिमसमच्या थाळीत चार नग. एका नगात २० ग्रॅम सारण धरले तर कोंबडी ८० ग्रॅम. त्यात पीठ, मसाला आणि चटणी मिळवली तरी कच्चा माल ४५-५० रुपयांच्या पलीकडे जात नाही. मुलगा म्हणाला, “अब्बा, कापडात एवढा नफा कुठे आहे?”

मी म्हणालो, थानाचा भाव आणि शिवलेल्या शेरवानीचा भाव एक धरू नकोस. या धंद्यातले लोक कच्चा माल एकूण विक्रीच्या साधारण एक तृतीयांशात बसवा असा ठोकताळा सांगतात. डिमसममध्ये जे वाचते ते आयात केलेल्या समुद्री पाल्यात, माशात आणि फेकून द्याव्या लागणाऱ्या शिळ्या मालात जाते. आपले थान दोन वर्षांनी कमी भावात का होईना विकले जाते. सुशीचा भात रात्री कचऱ्यात जातो. त्यावर भाडे, खानसाम्याचा पगार, वातानुकूलन, आणि घरपोच माल पोहोचवणाऱ्या अॅप कंपन्यांचे कमिशन.

करातही एक बारीक गोष्ट आहे, ती आपल्या बांधवांनी लक्षात घ्यावी. कापडावर पाच टक्के जीएसटी आहे आणि साध्या हॉटेलच्या जेवणावरही पाच टक्केच आहे. पण कापडवाल्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्केवाल्या हॉटेलांना ती मिळत नाही. मॉलच्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी, फर्निचरवरचा कर, सगळा त्यांच्या अंगावर पडतो. आकडा सारखा दिसला तरी धंदा सारखा नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. आमच्या आसपासच्या टेबलांवर जेवणापेक्षा पेये जास्त होती. लोअर परळचे भाडे पुष्कळ ठिकाणी दारूच्या विक्रीवर निघते. आपण ती ठेवणार नाही. तेव्हा त्याच जागेत, तेच भाडे देऊन, दारूशिवाय हॉटेल चालवायचे म्हणजे पहिल्या दिवसापासून एक पाय बांधून शर्यतीत उतरणे होय.

या जागेने दिलेले दोन धडे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा मी शाळेत होतो. मदनपुऱ्यातले कितीतरी मोमीन विणकर तेव्हा गिरण्यांच्या साचेखात्यात होते. त्यांतले अनेक पुढे भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना आणि एक मालकाला, अशी तरतूद होती. २००१ मध्ये ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. म्हणून येथे मॉल आणि हॉटेले दिसतात. जागेची मालकी ज्याच्याकडे, कमाई त्याच्याकडे, हा पहिला धडा. भाडेकरू हॉटेलवाला घाम गाळतो आणि मालक भाडे मोजतो.

दुसरा धडा २९ डिसेंबर २०१७ च्या रात्रीचा. कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसे मेली. आपल्या वस्त्यांतही कारखान्याच्या माळ्यावर स्वयंपाकघर थाटण्याची रीत आहे. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, महापालिकेचा आरोग्य परवाना आणि अन्न सुरक्षा कायद्याखालचा परवाना ही कागदपत्रे नंतर करू असे म्हणू नये. बाहेर पडायचा दुसरा रस्ता नसेल तर ती जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

मग वाव कुठे आहे?

हॉटेल काढणे हा या धंद्यात शिरण्याचा एकमेव दरवाजा नाही. नॅपकिन, एप्रन, गणवेश हे काम सोलापूर-भिवंडीचा माल घेऊन मदनपुऱ्यातले शिवणकामगार करू शकतात. मात्र डाग न धरणारे रंग आणि पक्की शिवण द्यावी लागेल. रामेनचे वाडगे खुर्जाचे कुंभार बनवू शकतात. त्यांत मुसलमान कारागीर पुष्कळ आहेत. लाकडी जाळीकाम सहारनपूरचे आहेच. वाफेच्या बांबूच्या टोपल्या आपले बुरूड विणू शकतात. हलाल कोंबडीचे ठरावीक वजनाचे तुकडे, गोठवलेले डिमसम, मिरिनविरहित सॉस यांचा घाऊक पुरवठा करणारा माणूस दहा हॉटेलांना माल देतो आणि एकाचेही भाडे भरत नाही. तिरफळ विकणाऱ्या कोकणातल्या बागायतदारालाही या बाजाराची वाट दाखवता येईल.

आमच्या घरात दोन आठवडे वाद झाला. मुलगा नाराज होता, हे लपवत नाही. त्याची आई त्याच्या बाजूने होती. शेवटी असे ठरले की दुकानाची पुंजी हलवायची नाही. मुलाच्या स्वतःच्या बचतीतले सहा लाख घालून मदनपुऱ्यात नातेवाइकाच्या बंद पडलेल्या शिवणकामाच्या गाळ्यात, सर्व परवाने काढून, गोठवलेल्या हलाल डिमसमचे छोटे स्वयंपाकघर सुरू करायचे. सुनेने कोकणी मसाल्याचा एक प्रकार करायचे कबूल केले आहे. मित्राबरोबरची भागीदारी स्टॅम्प पेपरवर लिहिली आहे, नफा-तोटा दोन्हींच्या वाट्यासह. सहा महिन्यांनी वही उघडून पाहू. तोटा दिसला तर गाळा परत, आणि मुलगा गल्ल्यावर. नफा दिसला तर मी स्वतः त्यात पैसे घालीन, असा शब्द दिला आहे.

आपल्या समाजातले अनेक तरुण आज वडिलांचा धंदा सोडून नव्या धंद्याकडे पाहत आहेत. वडीलधाऱ्यांनी त्यांना नुसते अडवू नये आणि घरातली सारी पुंजीही एका दमात हाती देऊ नये. त्यांना घेऊन एकदा त्या धंद्याच्या टेबलावर गिऱ्हाईक म्हणून बसावे, बिल हातात घ्यावे आणि प्रत्येक ओळीला विचारावे की हा पैसा कोणाकडे जातो. साडेसात हजार रुपयांत पस्तीस लाखांचा प्रश्न सुटत असेल, तर ते जेवण महाग नाही.